निर्मल हृदयातील प्रकाश आणि अनुबोधपटाची साक्ष

बी.बी.सी.ने १९६९ साली तयार केलेला ‘समथिंग ब्यूटिफुल फॉर गॉड’ हा मदर तेरेसा यांच्यावरील अनुबोधपट आपल्या वाचकांपैकी बहुतेकांनी अथपासून इतिपर्यंत पाहिलेला नसेल. परंतु त्याविषयीची एक कथा मात्र आपण सर्वांनी ऐकलेली आहे, आणि पुष्कळांनी ती वेदीजवळ उभे राहून सांगितलेलीही आहे. कालीघाटच्या ‘निर्मल हृदया’त चित्रीकरण करण्याइतका उजेड नव्हता, कॅमेरामनने हात टेकले होते, तरीही फिल्म धुऊन पाहिली तेव्हा ती सारी खोली एका विलक्षण सौम्य प्रकाशाने न्हाऊन निघालेली दिसली, अशी ती कथा.

प्रस्तुत लेखकही ती सांगणाऱ्यांपैकीच एक आहे. ४ सप्टेंबर २०१६ रोजी रोममध्ये मदर संतपदास पोहोचल्या, त्या रविवारच्या मिस्सेत मी प्रवचनाचा कळस म्हणून हीच कथा सांगितली. मिस्सेनंतर सीमाभागातील आमच्या एका खेड्याचे वयोवृद्ध धर्मशिक्षक माझ्याजवळ आले. ‘मास्तर’ या नावानेच त्यांना सारे ओळखतात. त्यांनी अत्यंत नम्रपणे विचारले, “फादर, तो उजेड पडला नसता, तर मदर कमी संत झाल्या असत्या काय?” मी हसून वेळ मारून नेली. पण तो प्रश्न मनातून गेला नाही. या लेखाचा उगम त्या प्रश्नात आहे.

प्रथम घडले काय, ते पाहू. या अनुबोधपटाचा निवेदक माल्कम मगरिज हा इंग्लंडमधील नामांकित पत्रकार. ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाचे संपादकपद त्याने भूषविले होते. तरुणपणी तो केरळात आलुवा येथील युनियन ख्रिश्चन कॉलेजात शिक्षक होता, आणि पुढे १९३०च्या दशकात कोलकात्याच्या ‘स्टेट्समन’ या वृत्तपत्रात काम करीत होता. म्हणजे ज्या शहरात तो कॅमेरा घेऊन आला, ते शहर त्याला अपरिचित नव्हते. १९६८ साली लंडनमध्ये त्याने मदरची दूरचित्रवाणीवर मुलाखत घेतली. मुलाखत तंत्रदृष्ट्या सामान्यच होती, तथापि ती पाहून लोकांनी पत्रे व पैसे यांचा वर्षाव केला. त्यातून कोलकात्यास जाऊन चित्रीकरण करावे असे ठरले. मदरची या गोष्टीला प्रथम फारशी तयारी नव्हती. कार्डिनल हीनन यांनी शब्द टाकला तेव्हा त्या राजी झाल्या. मगरिजला लिहिलेल्या पत्रात त्यांनी देवासाठी काही सुंदर करू या अशा अर्थाचे जे शब्द वापरले, तेच पुढे अनुबोधपटाचे आणि १९७१ साली निघालेल्या मगरिजच्या पुस्तकाचे नाव झाले.

दिग्दर्शक पीटर चेफर आणि कॅमेरामन केन मॅकमिलन यांच्या हाती कामाला अवघे पाच दिवस होते. निर्मल हृदय ही कालीमंदिरालगतची जुनी यात्रेकरूंची धर्मशाळा. १९५२ पासून तेथे रस्त्यावर मरणास टेकलेल्यांना आणून ठेवीत. भिंतीत उंचावर लहान लहान खिडक्या, आत अंधूक उजेड, आणि चित्रपथकाजवळ एकच लहानसा दिवा. मॅकमिलन म्हणाला, येथे काही उमटणार नाही. तरीही घेऊन पाहावे असे ठरले, आणि खबरदारी म्हणून बाहेरच्या अंगणात, जेथे काही रुग्ण उन्हात बसत, तेथेही काही चित्रीकरण केले गेले. मगरिज लिहितो की, फिल्म धुतल्यावर आतील दृश्ये सुंदर मृदू प्रकाशात उजळलेली होती, आणि बाहेरची मात्र अंधूक व अस्पष्ट आली होती. त्याची स्वतःची खात्री अशी की, त्या खोलीत नांदणारे प्रेमच प्रकाशरूपाने फिल्मवर उमटले. जुने चित्रकार संतांच्या मस्तकाभोवती जे तेजोवलय काढीत, त्याच जातीचे हे तेज, आणि छायाचित्रणाच्या इतिहासातील हा पहिला अस्सल चमत्कार! आपल्या म्हणण्याच्या पुष्टीसाठी तो आणखी एक गोष्ट नोंदवितो. मॅकमिलनने पुढच्या दौऱ्यात मध्यपूर्वेत तीच फिल्म तशाच अपुऱ्या उजेडात वापरून पाहिली, आणि काहीच उमटले नाही.

येथवरचा भाग आपण व्यासपीठावरून सांगतो. पुढचा सांगत नाही, कारण तो आपल्याला ठाऊक नसतो; मला तरी २०१६ साली ठाऊक नव्हता.

क्रिस्टोफर हिचेन्स या निरीश्वरवादी लेखकाने १९९४ साली ब्रिटनच्या चॅनेल फोर वाहिनीसाठी ‘हेल्स एंजल’ हा मदरवर तिखट टीका करणारा अनुबोधपट केला. त्यात केन मॅकमिलन स्वतः बोलला आहे. त्याच्या सांगण्याचा आशय असा: निघण्यापूर्वी कोडॅक कंपनीची नवी फिल्म हाती आली होती, पण ती तपासून पाहण्यास सवड मिळाली नव्हती. निर्मल हृदयात ती वापरली. काही आठवड्यांनी लंडनमध्ये ईलिंगच्या स्टुडिओत चित्रीकरण पाहताना आतील प्रत्येक बारकावा स्पष्ट दिसला आणि तो थक्क झाला. आता कोडॅकचा जयजयकार करावा म्हणून तो तोंड उघडणार, तोच पुढच्या रांगेत बसलेला मगरिज मागे वळला आणि म्हणाला, हा दैवी प्रकाश आहे. त्यानंतर थोड्याच दिवसांत, तुम्ही म्हणे चमत्कार पाहिला, अशी विचारणा करणारे वार्ताहरांचे दूरध्वनी त्याला येऊ लागले.

आता एकाच माणसाच्या नावावर दोन साक्षी झाल्या. १९७१ च्या पुस्तकातील मॅकमिलन म्हणतो की तंत्राच्या दृष्टीने हे अशक्य. १९९४ च्या पडद्यावरील मॅकमिलन म्हणतो की ही नव्या फिल्मची करामत. दोहोंची वजने सारखी नाहीत. पहिली साक्ष मगरिजच्या लेखणीतून आलेली, म्हणजे ऐकीव. दुसरी साक्षीदाराच्या स्वतःच्या तोंडची, पण पंचवीस वर्षांनंतरची, आणि ज्याचा हेतू आधीच ठरलेला आहे अशा चित्रपटात गुंफलेली. मध्यपूर्वेतील त्या प्रयोगाचा दुसऱ्या साक्षीत मागमूस नाही. मला विचाराल तर दुसरी अधिक विश्वसनीय वाटते, कारण तीत कोणा तिसऱ्याची लेखणी मध्ये येत नाही आणि फिल्मचा धर्मही तिला अनुकूल आहे. अधिक संवेदनशील फिल्मवर मंद उजेडातही चित्र उमटते, आणि डोळ्याला काळोखी वाटणारी खोली पडद्यावर उजळ दिसू शकते. खोलीतील उजेड वाढलेला नसतो. तो टिपण्याची फिल्मची शक्ती वाढलेली असते. संत थॉमस अक्विनस यांच्या व्याख्येनुसार संपूर्ण सृष्ट निसर्गाच्या व्यवस्थेपलीकडे जे घडते तोच चमत्कार. कोडॅकच्या रसायनशाळेत ज्याचे कारण सापडू शकते, त्याला त्या व्याख्येत जागा नाही.

मात्र एवढ्यावरून मगरिजला भोळा किंवा लबाड ठरविणे अन्यायाचे होईल. तो आयुष्यभर उपहासाने लिहिणारा, संशयी वृत्तीचा माणूस होता. त्या पाच दिवसांत त्याच्या आत काहीतरी हलले, हे पुढच्या आयुष्यावरून स्पष्ट आहे. १९८२ च्या नोव्हेंबरात, वयाच्या ऐंशीच्या घरात, तो पत्नीसह कॅथलिक ख्रिस्तसभेत आला. त्याने काहीतरी पाहिले, हे नक्की. जे पाहिले ते त्याने चुकीच्या ठिकाणी दाखविले, हा माझा आक्षेप आहे.

आपल्याकडचे एक उदाहरण येथे आठवते. दादासाहेब फाळके यांनी १९१०-११ च्या सुमारास मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील मूकपट पाहिला. पुढे त्यांनी ‘नवयुग’ मासिकात लिहिले की, पडद्यावर ख्रिस्त सरकत असता त्यांच्या मनश्चक्षूंपुढे श्रीकृष्ण, श्रीराम, गोकुळ आणि अयोध्या उभी राहत होती. हिंदी चित्रसृष्टीचा उगम त्या खुर्चीत झाला. पडद्यावर एक आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यांत दुसरेच, हा चित्रपटाचा मूळचा स्वभाव आहे. निर्मल हृदयाची तीच पट्टी पाहून मॅकमिलनला कोडॅक दिसले, मगरिजला तेजोवलय दिसले, आणि हिचेन्सला एका भाकडकथेचा जन्म दिसला. कॅमेऱ्याने तिघांचेही म्हणणे मान्य केले नाही आणि नाकारलेही नाही. म्हणून ‘कॅमेरा खोटे बोलत नाही’ हे वाक्य धर्मशिक्षणाच्या वर्गात तरी आपण वापरू नये, असे मला वाटते. कॅमेरा बोलतच नाही. बोलतो तो निवेदक.

या अनुबोधपटातील निवेदक तर फारच बोलतो. मगरिजचा आवाज, त्याची सुंदर वाक्ये, त्याचे प्रश्न आणि बहुतेक वेळा प्रश्नातच दडलेली उत्तरे यांमुळे कित्येक प्रसंगांचा श्वास कोंडतो. मदरची उत्तरे मात्र आखूड, कोरडी, जवळजवळ हिशेबी आहेत. निवेदक भारावलेला आणि ज्याच्याविषयी भारावला ती व्यक्ती कामाच्या घाईत, अशी ही विजोड जोडी आहे, आणि माझ्या मते चित्रपटाचे खरे नाट्य त्यातच आहे. बाळांच्या खोलीत किंवा कुष्ठरुग्णांत कॅमेरा क्षणभर गप्प राहतो, तेव्हा पडद्यावर जे दिसते त्याला विशेषणाची गरज उरत नाही.

आणि आता ती गोष्ट, जी १९६९ साली मगरिजला ठाऊक असणे शक्यच नव्हते. २००७ साली फादर ब्रायन कोलोडिएचुक यांनी मदरची खाजगी पत्रे ‘कम बी माय लाइट’ या नावाने प्रसिद्ध केली. त्यांवरून कळले की, गरिबांमधील कार्य सुरू झाले त्याच सुमारास मदरच्या अंतरंगातून ईश्वराच्या सान्निध्याची जाणीव नाहीशी झाली, आणि १९५८ मधील एक अल्प काळ वगळता तो अंधार जवळजवळ अखेरपर्यंत टिकला. प्रार्थनेला उत्तर नाही, गोडी नाही, केवळ पोकळी. पुण्यास दीर्घकाळ ईश्वरविज्ञान शिकविणारे येशूसंघीय फादर जोसेफ नॉयनर यांच्याशी १९६१ पासून झालेल्या पत्रव्यवहारात त्यांना या अंधाराचा अर्थ उमगू लागला. हा ख्रिस्ताच्या क्रुसावरील एकाकीपणातील वाटा आहे आणि त्यावरही प्रेम करता येते, हे त्यांनी स्वीकारले. अंधार गेला नाही. त्याच्याशी असलेले नाते बदलले.

म्हणजे १९६९ च्या त्या दिवसांत मगरिज ज्या खोलीत दैवी प्रकाश भरून राहिला आहे असे म्हणत होता, त्या खोलीत वाकून काम करणाऱ्या स्त्रीला स्वतःला त्या प्रकाशाचा किरणही दिसत नव्हता! हे वाचले तेव्हा मास्तरांच्या प्रश्नाचे उत्तर मला मिळाले, आणि स्वतःच्या प्रवचनाची लाजही वाटली. त्या प्रकाशाची कथा सांगून आम्ही मदरच्या विश्वासाला एक सोपा आधार देत होतो, जो त्यांना स्वतःला कधी मिळालाच नाही. आधार नसताना त्यांनी रुग्णाचे अंग पुसले. प्रीती ही अनुभूतीवर अवलंबून नसते, ती इच्छाशक्तीची आणि कृपेची गोष्ट आहे, हा धडा पुस्तकांतून आपण सारेच शिकलो. पण येथे तो पन्नासएक वर्षे कोणी जगून दाखविलेला आहे. फिल्मवरील तेजापेक्षा हे अधिक अद्भुत नव्हे काय?

शुभवर्तमानकारांची या बाबतीतील सावधगिरी पाहण्यासारखी आहे. याईराच्या कन्येला उठविताना प्रभू सर्वांना बाहेर काढतो आणि आईबाप व तीन शिष्य एवढ्यांनाच आत घेतो; आणि नंतर हे कोणास कळू देऊ नका असे बजावून, मुलीला खायला द्यायला सांगतो (मार्क ५). बेथसैदाच्या आंधळ्याला तो हाताला धरून गावाबाहेर नेतो (मार्क ८). आजच्या कोणत्याही चित्रपथकाला त्या खोलीत प्रवेश मिळाला नसता. मंदिराच्या शिखरावरून उडी टाकण्याची सूचना कोणाकडून आली, हे तर सर्वांस ठाऊक आहे. संत योहान या कृत्यांना ‘चिन्हे’ म्हणतो. चिन्हापाशी थांबणाऱ्यांना प्रभूने जवळ केलेले नाही (योहान ४:४८).

याचा अर्थ चमत्कारांची नोंदच करू नये असा नव्हे. संत ऑगस्टीन यांनी ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या बाविसाव्या भागात आपल्या हिप्पो नगरातील रोगमुक्तींची नोंद केली आहे. बऱ्या झालेल्यांकडून लेखी निवेदने घेऊन ती लोकांपुढे वाचण्याची प्रथा त्यांनी पाडली. दोन वर्षांच्या आतच तशी सुमारे सत्तर निवेदने जमली होती. कप्पदोकियाहून आलेल्या पौल व पल्लादिया या भावाबहिणींचा वृत्तांत तर आजच्या दिग्दर्शकाने हेवा करावा असा आहे. दोघांनाही सर्वांगाला कंप सुटण्याची व्याधी होती. पुनरुत्थानाच्या सणाला भाऊ बरा झाला. त्याचे निवेदन वाचताना ऑगस्टीन यांनी दोघांनाही पायऱ्यांवर उभे केले: एक स्थिर, दुसरी थरथरणारी. लोकांनी ऐकावे आणि पाहावेही. हा पाचव्या शतकातला अनुबोधपटच म्हणावयाचा! पण त्यात नाव, गाव आणि साक्षीदार आहेत, आणि जी अद्याप बरी झालेली नाही ती बहीणही लोकांच्या डोळ्यांआड केलेली नाही. (ती नंतर बरी झाली, पण उभी केली तेव्हा ते कोणास ठाऊक नव्हते.)

ख्रिस्तसभेने पुढे हीच सावध वृत्ती नियमांत बांधली. अठराव्या शतकात लांबर्तिनी, म्हणजे पुढचे पोप चौदावे बेनेदिक्त, यांनी घालून दिलेले निकष आजही पायाभूत आहेत: आजार गंभीर असावा, आपोआप बरा होणारा नसावा, औषधाने गुण आलेला नसावा, आणि आराम तत्काळ, पूर्ण व टिकाऊ असावा. १८५८ पासून लूर्दला अगणित रुग्ण गेले. ख्रिस्तसभेने अधिकृतपणे चमत्कार म्हणून मान्य केलेल्या रोगमुक्ती सत्तरीच्या थोड्याच पुढे आहेत. मे २०२४ मध्ये रोमच्या विश्वाससिद्धांत विभागाने जे नवे नियम काढले, त्यांनुसार एखादी घटना अलौकिक आहे असे जाहीर करण्याची घाई आता बिशपांनीही करावयाची नाही. तिच्या आध्यात्मिक फळांना आडकाठी नाही, इतकेच सामान्यतः म्हणावयाचे. मदरच्या संतपदाच्या कार्यवाहीतही कालीघाटच्या प्रकाशाचा आधार घेतला गेलेला नाही. दोन रोगमुक्ती तपासल्या गेल्या. रोमला जो पुरावा लागला नाही, त्यावर मी प्रवचन उभारले होते.

हिचेन्सच्या अनुबोधपटाविषयी थोडक्यात. त्यातील काही प्रश्न, विशेषतः देणग्या कोणाकडून घ्याव्यात आणि वेदनाशामक औषधांची व्यवस्था कशी असावी हे, आपण झटकून टाकण्यासारखे नाहीत. पण चित्रपट म्हणून त्याचा दोष मगरिजच्या दोषाचाच आरसा आहे. मगरिजने प्रकाशावरून सर्व सिद्ध केले. हिचेन्सने प्रकाश खोटा ठरवून सर्व असिद्ध केले. मरणाऱ्याच्या उशाशी बसलेली भगिनी दोघांच्याही युक्तिवादात मागे पडली.

याच्या तुलनेत अॅन व जॅनेट पेट्री या भगिनींचा १९८६ चा ‘मदर तेरेसा’ हा अनुबोधपट मला अधिक प्रौढ वाटतो. त्यांनी पाच दिवस नव्हे, काही वर्षे मदरच्या मागे कॅमेरा फिरविला. १९८२ च्या वेढ्यातील बैरूटचा त्यातील प्रसंग प्रत्येक धर्मशिक्षकाने पाहावा. युद्धरेषेपलीकडे इस्पितळात अपंग मुले अडकलेली आहेत. मदर ती आणायला जाऊ म्हणतात. अधिकारी व धर्मगुरू सांगतात की गोळीबार थांबल्याशिवाय हे अशक्य. त्यासाठी मी प्रार्थना केली आहे, अशा अर्थाचे मदर म्हणतात. गोळीबार थांबतो, त्या जातात, मुले उचलून आणतात. हा चमत्कार आहे असे निवेदन म्हणत नाही. मुत्सद्द्यांच्या वाटाघाटी चालू होत्या, हेही लपविलेले नाही. काय झाले ते दाखविले आणि नाव देण्याचे काम पाहणाऱ्यावर सोपविले. ऑगस्टीन यांच्या पायऱ्यांवरची तीच रीत.

फिलिप ग्रोनिंग या जर्मन दिग्दर्शकाचा ‘इंटू ग्रेट सायलेन्स’ (२००५) याहूनही पुढे जातो. फ्रान्सच्या डोंगरांतील ग्रांद शार्त्रूज या मठात चित्रीकरण करण्याची परवानगी त्याने १९८४ साली मागितली. मठवासीयांचा होकार सोळा वर्षांनी आला. तो एकटाच कॅमेरा घेऊन तेथे राहिला. कृत्रिम प्रकाश नाही, निवेदन नाही, वरून जोडलेले संगीत नाही. काही दृश्ये इतकी अंधुक की पडद्यावर केवळ ठिपक्यांचा थरकाप आणि एक मिणमिणती ज्योत दिसते. कालीघाटला अंधार ही अडचण होती. येथे तो मठवासीयांच्या प्रार्थनेचे घर आहे. शेवटाकडे एक वृद्ध अंध मठवासी बोलतो, आणि आपल्या अंधत्वाबद्दलही देवाचे आभार मानतो. पावणेतीन तासांच्या या चित्रपटात चमत्कार एकही नाही. सणाच्या संध्याकाळी चर्चच्या पटांगणात हा दाखवू नये, लोक उठून जातील. धर्मगुरूंच्या मासिक एकांतध्यानात मात्र अवश्य दाखवावा.

अलीकडे आपल्या तरुणांच्या भ्रमणध्वनींवर दुसऱ्याच जातीचे चित्रपट फिरतात. डॅरेन विल्सन या अमेरिकन दिग्दर्शकाच्या ‘फिंगर ऑफ गॉड’ (२००७) पासून त्यांची एक मालिकाच निघाली आहे. देवाच्या प्रेमाविषयीची दिग्दर्शकाची तळमळ खरी वाटते. परंतु दातांचे सोने झाल्याच्या दाव्यापासून रोगमुक्तीपर्यंत सर्व गोष्टी एकाच वेगाने, एकाच संगीतावर डोळ्यांपुढून जातात. दंतवैद्याचा दाखला नाही, वर्षभराने पुन्हा भेट नाही, आणि प्रार्थना करूनही जो बरा झाला नाही तो कोठेच नाही. आपल्या धर्मग्रामातील रुग्णशय्येवरचा माणूस हे पाहतो तेव्हा त्याला काय वाटत असेल, याचा विचार ते पाठविणाऱ्याने करावा. पल्लादियाला या चित्रपटांत जागा नाही.

गेल्या वर्षी मी मास्तरांच्या गावी गेलो होतो. रात्री समाजमंदिरात पडद्यावर १९६९ चा तोच अनुबोधपट लावला, पण निर्मल हृदयाचा भाग आला तेव्हा आवाज पूर्ण बंद केला आणि प्रकाशाविषयी आधी एक अक्षरही सांगितले नाही. भाषा इंग्रजी, त्यामुळे आवाज गेल्याचे कोणाला दुःखही झाले नाही. संपल्यावर काय दिसले म्हणून विचारले. उजेडाविषयी कोणीच बोलले नाही. तालुक्याच्या इस्पितळात आयुष्यभर आयाचे काम केलेली एक बाई मागच्या रांगेतून म्हणाली, “फादर, ती सिस्टर भरवताना पेशंटकडं बघतीया, चमच्याकडं नाही. आमच्यात नव्या पोरींना हे शिकवायला वर्ष जातंय.” मास्तरांनी ते आपल्या वहीत लिहून घेतले.